टीप, सर्व्हिस चार्ज आणि वेटरचा पगार

जेवण संपतं, बडीशेपेच्या वाटीबरोबर बिल टेबलावर येतं आणि चौघांत चार मतं निघतात. एकजण म्हणतो, दहा टक्के तरी ठेवायलाच हवेत. दुसऱ्याला वरचे सुटे ठेवले की पुरे वाटतं. तिसरा बिलावर बोट ठेवून म्हणतो, "अरे, सर्व्हिस चार्ज आधीच घेतलाय की यांनी, आता परत कशाला?" चौथा गुपचूप फोनवर स्कॅन करून मोकळा होतो. दादरच्या फॅमिली रेस्टॉरंटमध्ये हा वाद होतो, लोअर परळच्या बारमध्ये होतो, बोरिवलीच्या परमिट रूममध्येही होतो. तो मिटत नाही, कारण टीप, सर्व्हिस चार्ज आणि जीएसटी या तीन वेगळ्या गोष्टी आपण एकमेकींत कालवून टाकलेल्या असतात. आणि चौथी, सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट बिलावर छापलेलीच नसते. ती म्हणजे वेटरचा पगार.

माझं मत आधीच सांगून टाकते. ग्राहकाने टीप द्यायलाच हवी, अशी अपेक्षा कुणी धरू नये. वेटरला पगार देणं हे मालकाचं काम आहे. तो पगार नीट देता येईल असा भाव मेन्यूकार्डावर छापला, तर तो कुरकुर न करता देणं हे आपलं काम. पण याच मताची ढाल करून आज, मुंबईत, ज्याने आपल्याला तासभर वाढलं त्याच्या हातावर काहीच न ठेवता उठावं, हेही मला पटत नाही. ही दोन्ही मतं एका माणसाची कशी असू शकतात, ते समजायला थोडं हिशेबात शिरावं लागेल.

हजार रुपयांच्या बिलात काय काय असतं

समजा, खाण्याचे १,००० रुपये झाले. त्यावर ५ टक्के जीएसटी, म्हणजे ५० रुपये. बिलावर तो केंद्राचा अडीच टक्के आणि राज्याचा अडीच टक्के असा दोन ओळींत दिसतो. एकूण १,०५० रुपये. हा कर सरकारजमा होतो. तो द्यावाच लागतो आणि त्यातला एक पैसाही वेटरपर्यंत जात नाही. मोठ्या हॉटेलांत, जिथे खोलीचं भाडं दिवसाला साडेसात हजारांच्या वर जातं, तिथल्या रेस्टॉरंटमध्ये हाच कर १८ टक्के लागतो. बाकी आपण रोज जातो त्या ठिकाणी १५ नोव्हेंबर २०१७ पासून ५ टक्केच आहे.

आता त्याच बिलात हॉटेलने १० टक्के सर्व्हिस चार्ज लावला असं धरू. १,००० वर १०० रुपये, झाले १,१००. आता जीएसटी या १,१०० वर बसतो, म्हणजे ५५ रुपये. बिल होतं १,१५५. जास्तीचे १०५ रुपये गेले. त्यातले पाच कराचे आणि शंभर हॉटेलच्या गल्ल्यात. हे शंभर रुपये सरकारचे नाहीत, कोणत्याही कायद्याने ठरवून दिलेले नाहीत, आणि त्यातले किती कामगारांना वाटायचे हेही कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही. काही ठिकाणी ते प्रामाणिकपणे वाटले जातात, काही ठिकाणी थोडे वाटले जातात. बाहेरून आपल्याला कळायला मार्ग नाही.

हा घोळ जुना आहे. जीएसटी येण्याआधी एसी हॉटेलच्या बिलावर सर्व्हिस टॅक्स असायचा आणि त्याच्याच वर किंवा खाली सर्व्हिस चार्ज. दोन्हीत 'सर्व्हिस' असल्याने बहुतेक जण दोन्ही सरकारी समजून निमूट पैसे भरत. आजही माझ्या ओळखीतले शिकलेसवरलेले लोक सर्व्हिस चार्जला 'तो टॅक्स' म्हणतात.

टीप या दोन्हींहून वेगळी. ती बिलाच्या बाहेर असते, आपण आपल्या मनाने देतो, आणि ती हॉटेलची कमाई नसते. रोख दिली तर थेट माणसाच्या खिशात जाते.

सर्व्हिस चार्जचं भांडण कुठवर आलंय

एप्रिल २०१७ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने स्पष्ट सांगितलं की सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे. हॉटेलांनी फारसं मनावर घेतलं नाही. मग ४ जुलै २०२२ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मार्गदर्शक सूचना काढल्या. हे प्राधिकरण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली उभं राहिलेलं आहे, त्यामुळे या वेळी शब्दांना वजन होतं. सूचना सरळ होत्या. बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप जोडायचा नाही. दुसऱ्या कुठल्या नावाने तो वसूल करायचा नाही. ग्राहकावर जबरदस्ती करायची नाही, तो ऐच्छिक आहे हे त्याला सांगायचं. देणार नसाल तर आत येऊ नका, असं म्हणायचं नाही. आणि तो बिलात मिसळून वर जीएसटी लावायचा नाही.

हॉटेलमालकांच्या दोन राष्ट्रीय संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. त्याच महिन्यात सूचनांना स्थगिती मिळाली आणि ती जवळपास पावणेतीन वर्षं राहिली. २८ मार्च २०२५ ला न्यायमूर्ती प्रतिभा सिंह यांनी संघटनांच्या याचिका फेटाळल्या, दोघींना प्रत्येकी एक लाख रुपयांचा खर्च भरायला लावला आणि सक्तीचा सर्व्हिस चार्ज कायद्यात बसत नाही, असा निकाल दिला. संघटनांनी त्यावर खंडपीठाकडे अपील केलं आहे.

मालकांची बाजू मी टाकाऊ मानत नाही. ते म्हणतात, सर्व्हिस चार्ज वर्षानुवर्षं चालत आलाय, मेन्यूवर छापलेला असतो, ग्राहक वाचून बसतो. आणि त्यांचा सगळ्यांत वजनदार मुद्दा असा: टीप फक्त टेबलावर वाढणाऱ्याला मिळते, सर्व्हिस चार्ज मात्र आतल्या आचाऱ्यापासून भांडी घासणाऱ्यापर्यंत सगळ्यांत वाटता येतो. हे खरंच आहे. आतल्या माणसांचा विचार करणारी कुठलीही व्यवस्था मला टीपेपेक्षा न्याय्य वाटते. पण मग ते शंभर रुपये डोशाच्या, बिर्याणीच्या, सुरमईच्या भावात का धरू नयेत? भाव ठरवण्यावर कुणाची बंदी नाही. प्राधिकरणाचंही म्हणणं हेच होतं की पदार्थाच्या किमतीत सेवेचा खर्च धरलेलाच असतो आणि किंमत किती ठेवायची ते हॉटेलने ठरवावं. अडचण अशी की भावात धरला तर मेन्यूकार्ड महाग दिसतं. खाली बारीक अक्षरांत दहा टक्के लिहिलं तर दिसत नाही, आणि बिल येईपर्यंत माणूस जेवून झालेला असतो.

अमेरिकेचा आकडा इथे का बसत नाही

न्यू जर्सीला वर्षभर राहून आलेला भाचा घरच्यांना हॉटेलात नेतो आणि बिलाच्या वीस टक्के ठेवतो. न ठेवणाऱ्यांकडे जरा वेगळ्या नजरेने बघतो. त्याचा हेतू चांगला असतो. पण तो वीस टक्क्यांचा आकडा घेऊन आलेला असतो, त्यामागचं कारण तिथेच राहिलेलं असतं.

ते कारण पगाराच्या कायद्यात आहे. अमेरिकेत संघराज्याच्या कायद्यानुसार ताशी किमान वेतन ७.२५ डॉलर आहे, २००९ पासून तेवढंच. पण ज्यांना टीप मिळते अशा कामगारांना मालकाने स्वतःच्या खिशातून ताशी फक्त २.१३ डॉलर दिले तरी चालतात, आणि हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. उरलेली रक्कम टीपेतून भरून निघाली असं धरलं जातं. ती निघाली नाही तर फरक मालकाने भरायचा, असा नियम आहे. कॅलिफोर्नियासारखी काही राज्यं ही सवलत देत नाहीत, पण बऱ्याच राज्यांत ती आजही आहे. म्हणजे तिथे गिऱ्हाइकाची टीप हा पगाराचाच भाग आहे. न देता उठलात तर तुम्ही कुणाचा तरी रोज बुडवून उठता.

या पद्धतीची मुळं फार चांगली नाहीत. अमेरिकी यादवी युद्धानंतर गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांना पुलमन कंपनीच्या रेल्वेतल्या झोपायच्या डब्यांत नोकर, म्हणजे पोर्टर, म्हणून घेतलं गेलं, पगार अगदी तुटपुंजा ठेवला गेला आणि बाकीचं प्रवाशांच्या बक्षिसीवर सोडून दिलं गेलं. आपल्या माणसांना पगार देण्याची जबाबदारी मालकाने परक्यांच्या मर्जीवर ढकलली. त्या पोर्टर लोकांनी १९२५ मध्ये संघटना बांधली आणि १९३७ मध्ये कंपनीशी करार मिळवला. खुद्द अमेरिकेतही ही प्रथा सगळ्यांना मान्य होती असं नाही. वॉशिंग्टन राज्याने १९०९ मध्ये टीपेवर कायद्याने बंदी घातली, आणखी काही राज्यांनी तसंच केलं, पण १९२६ पर्यंत ते सगळे कायदे मागे घेतले गेले.

आपल्याकडे कायदा निराळा आहे, आणि ही गोष्ट टीपेवर वाद घालणाऱ्या बऱ्याच जणांना माहीत नसते. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात टीप मिळते म्हणून पगार कमी द्यायची कुठलीही सोय नव्हती. त्या कायद्याच्या जागी २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली, तिच्यातही ती नाही. महाराष्ट्रात हॉटेल-रेस्टॉरंटमधल्या कामासाठी किमान वेतन ठरवलेलं आहे. कुशल, अर्धकुशल, अकुशल असे वर्ग, शहर-गावानुसार परिमंडळं, मूळ वेतन आणि त्यावर विशेष भत्ता. हा भत्ता महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, बदलतो. जादा काम केलं तर दुप्पट दराने पैसे. आठवड्याची सुट्टी. कागदावर मुंबईतला वेटर टीपेवर अवलंबून नाही. त्याला आपण एक रुपया दिला नाही तरी त्याचा पूर्ण पगार मालकाने द्यायचा आहे.

कागद आणि गल्ला

पण कागद आणि गल्ला यांच्यात अंतर आहे, आणि टीपेचा खरा प्रश्न त्या अंतरात आहे.

मुंबईचा हॉटेलधंदा उभा राहिला तो बाहेरून आलेल्या, घरापासून दूर राहणाऱ्या माणसांच्या कष्टांवर. उडुपी-मंगळूरकडची मुलं माटुंग्या-फोर्टातल्या हॉटेलांत आली, दिवसा टेबलं पुसली, रात्रशाळेत शिकली, रात्री त्याच हॉटेलच्या पोटमाळ्यावर झोपली. त्यांतल्या काहींनी पुढे स्वतःची हॉटेलं काढली. आज त्या मुलांच्या नातवंडांनी दुसरे व्यवसाय धरले आहेत आणि टेबलावर येणारा पोरगा बहुधा उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, ओडिशा नाहीतर नेपाळमधून आलेला असतो. राहणं-जेवण अजूनही बऱ्याच ठिकाणी मालकाकडे असतं आणि पगार ठरवताना त्याचा हिशेब धरला जातो. सकाळी नाश्त्याची गर्दी, दुपारची थाळी, मध्ये दोन-तीन तास मोकळीक, पुन्हा संध्याकाळपासून शटर पडेपर्यंत. अशा तुटक दिवसात आठ-नऊ तासांचं गणित कधी बारा-चौदावर जातं, ते जादा कामाच्या वहीत उतरतंच असं नाही. नोकरी तोंडी लागलेली असते. गावी महिनाभर गेला तर परत आल्यावर जागा असेल की नाही, हे मालकाच्या इच्छेवर.

अशा माणसाला टीप म्हणजे वरकमाई नसते. पगार तो गावी पाठवतो आणि इथला रोजचा खर्च, फोनचा रिचार्ज, औषधपाणी, टीपेतून काढतो. मालकालाही हे माहीत असतं. नोकरीवर ठेवतानाच सांगितलं जातं, "पगार इतका, वर टीप सुटते." म्हणजे कायद्याने जे अमेरिकेत उघड आहे, ते इथे तोंडी आणि बेकायदा होऊन बसतं. म्हणून मी म्हणते, टीप ही आपली जबाबदारी नाही हे तत्त्व म्हणून बरोबर, पण त्या तत्त्वाची किंमत आज तरी मालक भरत नाही, तो पोरगा भरतो.

आणि तरीही टीपेने हा प्रश्न सुटत नाही, कारण ती वाटली जाते फार विचित्र पद्धतीने. उडुपी हॉटेलात इडली-वडा, डोसे, कॉफी असा चार जणांचा नाश्ता आणणारा माणूस आठ वेळा फेऱ्या मारतो. बिल होतं चारशे-पाचशे. दहा टक्के धरले तरी हातात पन्नासाच्या आतबाहेर येतात, आणि तिथे तेवढे कुणी ठेवत नाही, दहा-वीसवर भागतं. त्याच रस्त्यावरच्या बारमध्ये एका टेबलाचं बिल पाच हजार होतं आणि फेऱ्या कदाचित तेवढ्याच. कष्ट सारखे, कमाई दहापट. टक्क्यांनी टीप मोजायची पद्धत श्रमाचं मोल करत नाही, ताटातल्या वस्तूचं करते. शिवाय हॉटेलात कोणतं सेक्शन कुणाला द्यायचं ते कॅप्टन ठरवतो. एसीतली टेबलं मिळाली तर टीप बरी, बाहेरची मिळाली तर कमी. त्यावरून आतल्या आत रुसवेफुगवे, मर्जी सांभाळणं, सगळं आलं. मोठ्या ठिकाणी सगळ्यांची टीप एका डब्यात जमा करून हुद्द्याप्रमाणे वाटतात. कॅप्टनला जास्त, वेटरला त्याहून कमी, टेबल साफ करणाऱ्याला आणखी कमी. तिथे निदान काही नियम असतो. आत, भट्टीपाशी घाम गाळणाऱ्याला आणि मोरीवर भांड्यांच्या ढिगापुढे उभ्या असलेल्याला बहुतेक हॉटेलांत त्यातलं काही येत नाही. आपण बोटं चाटत ज्याच्या हातचं खाल्लं, त्याला आपण कधी पाहिलेलंही नसतं.

"पण टीप असली की सेवा चांगली मिळते," हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. कॉर्नेल विद्यापीठातले मायकल लिन यांनी या विषयावर अनेक वर्षं संशोधन केलं आहे. त्यांना आढळलं की गिऱ्हाइकाला सेवा किती चांगली वाटली आणि त्याने किती टीप दिली, यांचा संबंध अगदी क्षीण आहे. बिल किती झालं, आपल्या सवयी काय आहेत, बरोबर कोण बसलंय, यांवरच बरंचसं ठरतं. शिवाय टीप शेवटी दिली जाते. ज्या हॉटेलात आपण पुन्हा जाणार नाही, तिथे ती सेवा सुधारणार तरी कशी?

या पद्धतीतली एक गोष्ट मला सगळ्यांत जास्त खटकते. ज्याच्या खुशीवर आपली दिवसाची कमाई अवलंबून आहे, त्याला तोडून बोलता येत नाही. आता मुंबईच्या रेस्टॉरंटांत आणि बारमध्ये मुलीही वाढायला असतात. टेबलावरच्या कुणी घसट केली, नको ते विचारलं, तर तिने हसून टाळायचं, कारण बिल अजून यायचंय. पगार पूर्ण आणि ठरलेला असेल तर ती मॅनेजरला सांगून टेबल बदलून घेऊ शकते. कमाईचा मोठा भाग समोरच्याच्या खिशात असेल तर तिला दोनदा विचार करावा लागतो.

फोनने बदललेला व्यवहार

२०१६ मध्ये यूपीआय आलं आणि काही वर्षांत मुंबईच्या चहाच्या टपरीवरही चौकोनी कोड लागला. आपल्या सोयीचं झालं, पण वेटरचे सुटे गेले. पूर्वी ४६० च्या बिलाला पाचशेची नोट दिली की चाळीस रुपये बडीशेपेवर परत यायचे. त्यातले वीस सहज मागे राहायचे. आता फोनवर बरोबर ४६० जातात आणि आपण उठतो. कुणी कंजूष झालं म्हणून हे घडलेलं नाही. हात खिशाकडे जायचा तो क्षणच उरलेला नाही.

काही जण मग बिलाच्या रकमेत टीप मिळवून ५०० पाठवतात. ती मालकाच्या खात्यात जाते. तिथून ती वेटरपर्यंत जाईल का, हे पूर्णपणे त्या हॉटेलच्या रीतीवर आहे. कार्डाने दिलेल्या टीपेबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा एक निकाल आहे, मोठ्या हॉटेलांच्या आयकर प्रकरणातला. न्यायालयाने म्हटलं की गिऱ्हाइकाने दिलेली आणि मालकाने गोळा करून कामगारांना वाटलेली टीप हा पगार नव्हे. तो पैसा मालकाकडे विश्वस्त म्हणून आलेला असतो. प्रश्न होता पगारावरच्या करकपातीचा, त्यामुळे वाटप कसं करावं यावर त्यातून नियम निघाला नाही. पण टीप मालकाची नसते, एवढं त्यात अगदी स्वच्छ आहे.

ब्रिटनने एक पाऊल पुढे टाकलं. तिथे २०२३ मध्ये कायदा झाला आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला. कार्डाने आलेली टीप आणि सर्व्हिस चार्जही पूर्णपणे कामगारांत, उचित पद्धतीने आणि ठरलेल्या मुदतीत वाटणं मालकाला बंधनकारक आहे, आणि वाटपाची नोंद ठेवावी लागते. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. सर्व्हिस चार्ज द्यायचा की नाही यावर आपण इतकी वर्षं कोर्टात भांडलो, पण गोळा झालेला पैसा कामगाराच्या हातात पडला का, हे विचारणारी एक ओळही कुठे नाही. मला हा कायदा इथे हवा आहे. सर्व्हिस चार्जच्या बंदीपेक्षाही आधी हवा आहे.

टीपेचं नवं रूप आता ॲपमध्येही आलंय. २०२५ च्या मे महिन्यात उबरच्या 'आगाऊ टीप' मागण्यावर केंद्राने नोटीस काढली. गाडी लवकर हवी तर आधी टीप वाढवा, असा तो प्रकार होता. ग्राहक व्यवहार मंत्री प्रल्हाद जोशी यांनी तेव्हा सांगितलं की टीप ही सेवा झाल्यावर कौतुक म्हणून द्यायची असते, तो हक्क नव्हे. गाडी मिळण्याआधीच मागितलेले पैसे हे वाढीव भाडंच, त्याला टीप म्हणणं चूक आहे.

भावात सगळं धरलेलं असलं तर

जपानमध्ये टीप देत नाहीत. दिली तर गोंधळून परत करायला येतात. फ्रान्समध्ये मेन्यूवरच्या भावात सेवेचा खर्च धरलेला असायला हवा असा नियमच आहे, वर दोन-चार नाणी ठेवली तर ती खुशीची. म्हणजे हे अशक्य नाही. पण एकट्या हॉटेलने करायला गेलं तर अवघड आहे. न्यूयॉर्कमधले नावाजलेले रेस्टॉरंटमालक डॅनी मायर यांनी २०१५ मध्ये आपल्याकडे टीप बंद करून भाव वाढवले. २०२० मध्ये त्यांना ती पुन्हा सुरू करावी लागली. शेजारच्या हॉटेलांत भाव कमी दिसत असतील आणि चांगले वेटर तिकडे जास्त कमावत असतील, तर एकट्याने किती टिकायचं?

मुंबईत मात्र आपण याच्या फार जवळ आहोत असं मला वाटतं. इराण्याकडे ब्रून-मस्का आणि चहा घेतला, माटुंग्याला पानावर जेवलो, गिरगावात मिसळ खाल्ली, तर टीपेची अपेक्षा तिथे कुणी धरत नाही. ठेवली तर आनंदाने घेतात, नाही ठेवली तर तोंड वाकडं करत नाहीत. टीप द्यायलाच हवी ही भावना इथे वाढली ती महागड्या रेस्टॉरंटांमुळे आणि परदेशाच्या अनुकरणामुळे. ती सगळीकडे पसरायच्या आत थांबवता येईल.

त्यासाठी मात्र आपल्यालाही बदलावं लागेल. मसाला डोसा दहा रुपयांनी महागला की आपण "लूट चालवलीय" म्हणतो, घरच्या ग्रुपवर मेन्यूचा फोटो टाकतो. त्या दहा रुपयांत भाडं, गॅस आणि भाजीबरोबर पगारही असतो. सर्व्हिस चार्ज नको, टीपेची सक्ती नको आणि भावही वाढायला नको, असं तिन्ही एकदम मागता येत नाही. तसं मागितलं तर त्याची भरपाई कामगाराच्या पगारातून होते.

तोवर काय करायचं

मी टक्क्यांचा हिशेब सोडून दिला आहे. माझ्यासाठी किती फेऱ्या झाल्या, लहान मुलं किंवा म्हातारी माणसं बरोबर होती का, किती वेळ टेबल अडवून बसलो, यांवर ठरवते. साध्या हॉटेलात बिलाच्या मानाने थोडी जास्त आणि महागड्या ठिकाणी टक्क्यांच्या मानाने कमी, असं ते आपोआप होतं. पाकिटात दहा-वीस-पन्नासच्या नोटा वेगळ्या ठेवल्या की यूपीआयमुळे अडत नाही. नोट बिलाच्या घडीत न ठेवता माणसाच्या हातात द्यावी, नाव माहीत असेल तर नावाने हाक मारून. आणि कधीतरी सरळ विचारावं, "दादा, ही तुम्हालाच मिळते ना, की डब्यात जाते?" बहुतेक जण खरं सांगतात. डब्यात जात असेल तर आतल्या लोकांनाही वाटा मिळतो का, हेही विचारता येतं.

सेवा खरोखर वाईट असेल, कुणी उद्धट वागलं असेल, तर टीप न देण्यात काही गैर नाही. पण जेवण उशिरा आलं हा बहुतेक वेळा आतल्या भट्टीचा प्रश्न असतो आणि पदार्थ संपले हा खरेदीचा. त्याची शिक्षा वाढणाऱ्याला देऊ नये.

बिलावर सर्व्हिस चार्ज दिसला आणि तो द्यायचा नसेल तर पैसे भरण्याआधी मॅनेजरला बोलावून शांतपणे काढायला सांगा. वेटरशी वाद घालू नका, बिल त्याने केलेलं नसतं. "हा ऐच्छिक आहे, मला द्यायचा नाही, नवीन बिल द्या," एवढं पुरतं. जीएसटीही मूळ रकमेवरच लागलाय ना, ते नव्या बिलात पाहून घ्या. नकार मिळाला तर बिल जपून ठेवा, त्याचा फोटो काढा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. तिथे मराठीतही बोलता येतं. आणि चार्ज काढून वाचलेल्या शंभरातले पन्नास तरी, निघताना, ज्याने वाढलं त्याला द्या.